अकरावा ठोका

१

दुपारची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की आमच्या घरात शाईची गादी उघडते. पुढच्या खोलीतल्या टेबलावर मी रबरी शिक्क्यांची पेटी घेऊन बसते आणि समोर हे बसतात, डोळे मिटून. मिटले काय नि उघडे काय, यांना आता सारखंच.

हे बुद्धिबळाची कोडी रचतात. डाव नव्हे, कोडी. पटावर मोजकी मोहरी मांडायची आणि खाली लिहायचं, ‘पांढऱ्याने खेळून तीन खेळ्यांत मात’. उत्तर एकच हवं. दोन निघाली तर कोडं बाद, आणि एकही निघालं नाही तर रचणाऱ्याची नाचक्की. वर्षातून एकदा बुद्धिबळ मंडळ स्पर्धा घेतं. तिथं कुणी कुणाशी खेळत नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात पट, कागद, पेन्सिल आणि यांनी रचलेली सहा कोडी. सोडवा म्हणायचं.

नजर गेली तेव्हा सगळे म्हणाले, झालं, आता कोडी संपली. यांनी सुताराकडून खुंट्यांचा पट करून घेतला. मोहरी भोकांत बसतात, बोटांनी चाचपता येतात. हे घरं सांगतात आणि मी कागदावरच्या छापील चौकटीत शिक्के उठवते. मग आमचा नेम असा की मी सगळी मांडणी मोठ्याने वाचून दाखवायची आणि यांनी पटावर बोट ठेवून एकेक मोहरं पडताळायचं. त्या कागदाच्या प्रती काढून मंडळाचे चिटणीस स्पर्धेत वाटतात.

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. एकदा मी तसं म्हटलं, तर हे हसून म्हणाले, “तेच बरं आहे. कळणारा माणूस मध्येच शहाणपणा करतो. तू जे आहे ते वाचतेस.”

मी जे आहे ते वाचते. एकदाच वाचलं नव्हतं.

२

यांच्या डोळ्यांसाठी मी काय काय धरलं नि सोडलं, ते देवाला ठाऊक. डॉक्टरांनी हात टेकले, मी टेकले नाहीत. गेल्या वर्षी एकवीस गुरुवारांचं मौन धरलं होतं. पहाटेपासून दुपारी बारापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि मनात नाम चालू ठेवायचं.

सतराव्या गुरुवारी सकाळी नऊला चिटणिसांचा निरोप आला. रविवारच्या स्पर्धेचं सहावं कोडं आजच हवं, अकराला न्यायला येतो.

“तुझं मौन आहे ना गं?” हे म्हणाले. “असू दे, मोडू नकोस. असं कर, एकेक शिक्का उठवलास की बोटाने टेबलावर एक ठोका दे. अकरा मोहरी आहेत. अकरा ठोके ऐकले की मी समजेन.”

मला ते पटलं. देवाचंही राहतं नि नवऱ्याचंही.

एका हाताने शिक्का, दुसऱ्या हाताने ठोका, मनात नाम. दहा झाले. अकरावं काळं प्यादं, घर जी-सात. शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला. आणि नेमकं तेव्हाच मनातल्या नामाचं आवर्तन पुरं झालं. ते पुरं झालं की मी क्षणभर डोळे मिटते, ही माझी जुनी सवय. उघडले तेव्हा शिक्का हातात होता आणि माझी खात्री होती की उठवून झाला. मी ठोका दिला.

“अकरा,” हे म्हणाले. “शाब्बास.”

३

स्पर्धेला हे जातात तेव्हा मी सोबत असते. कोडं देणाऱ्याने सोडवणाऱ्याच्या आधी उठायचं नाही, असा यांचा दंडक. शेवटचा माणूस उठेपर्यंत हे व्यासपीठाच्या कडेला ताठ बसून राहतात आणि मी शेजारी बसून हळूहळू नाम घेते.

सोडवणाऱ्यांत सगळ्यात जुने घड्याळजी. घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारे, बारीक अंगाचे, एकटे. यांची आणि त्यांची तीस वर्षांची दोस्ती, म्हणजे तीस वर्षांचं भांडण. यांचं एकही कोडं त्यांनी न सोडवता सोडलं नव्हतं. त्या रविवारी दारातच भेटले.

“वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा, यंदा जरा अवघड दे. मागच्या वेळी सोडवता सोडवता डुलकी लागली मला.”

“यंदा डुलकी नाही लागायची,” हे म्हणाले. “घाम पुसायला रुमाल आणलाय का?”

“रुमाल कशाला? बाही आहे की.” त्यांनी कोटाची डावी बाही पुढे केली. तिचं बटण तुटलेलं होतं, दोरा लोंबत होता.

मी म्हटलं, “भाऊजी, कोट द्या घरी पाठवून. बटण लावून देते.”

“सहावं कोडं सुटलं की देतो,” ते म्हणाले.

घड्याळजींची एक खूण सगळ्यांना माहीत होती. कोडं अडलं की ते डाव्या हाताच्या बोटाने टेबलावर हलके ठोके देत. सुटायला लागलं की खुर्ची टेबलाकडे ओढून घेत आणि सुटलं की मागे ढकलून उठत. मी यांना कानात सांगायची, “पुढे घेतली,” “मागे सारली,” आणि हे ओठांतल्या ओठांत हसायचे.

पाच कोड्यांना खुर्ची पाच वेळा मागे गेली. सहाव्याला गेली नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. सगळेच डोकं धरून बसले होते, पण मी पाहत होते ती एकच बाही. ठोके चालू होते. मग थांबले.

मला वाटलं, सापडलं.

डॉक्टर येईपर्यंत कुणी त्यांच्या बोटांतली पेन्सिल काढली नव्हती. स्पर्धा तिथंच थांबली. उत्तर जाहीर झालं नाही, प्रती कुणी गोळा केल्या नाहीत. चिटणिसांनी आम्हा दोघांना हाताला धरून बाहेर नेलं. यांचा दंडक त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. घड्याळजी बसलेले होते आणि आम्ही उठलो.

४

आठवड्याने चिटणीस घरी आले. घड्याळजींच्या पुढ्यातला तो सहावा कागद त्यांनी आणला होता. “शेवटचा कागद आहे. तुमच्याकडे असावा.”

ते गेल्यावर टेबलाच्या काचेखाली ठेवायला म्हणून मी तो उलगडला. यांचा खुंट्यांचा पट अजून तसाच मांडलेला होता. घड्याळजी गेल्यापासून यांनी त्याला हात लावला नव्हता आणि मीही नुसती धूळ झटकत होते. सवयीने मी मनात वाचू लागले. पटावर अकरा, कागदावर दहा. पुन्हा वाचलं. जी-सात कोरं होतं.

त्याचा अर्थ मला नंतर कळला, तोही यांच्याच तोंडून, मी आडून आडून विचारलं तेव्हा. “या कोड्याची गंमतच ती,” हे म्हणाले. “काळ्या राजाच्या पळायच्या वाटेत त्याचंच प्यादं उभं आहे. ते नसतं तर राजा निसटला असता. मग मात शोधत बस जन्मभर.”

कागद पेन्सिलीने भरला होता. एकेक खेळी लिहिलेली, एकेक खोडलेली. अगदी खाली ‘उत्तर नाही’ असं लिहून तेही खोडलं होतं. आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘याच्या कोड्याला उत्तर असतंच.’

“काय लिहिलंय गं त्याने?” यांनी विचारलं.

माझं मौन नव्हतं. दुपारचे चार वाजले होते. मी म्हटलं, “काही नाही. कोरा आहे.”

५

मी कागद काचेखाली सरकवला. उरलेले गुरुवार केले नाहीत. कुठल्या तोंडाने करणार?

महिनाभराने एका दुपारी मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. पुढच्या खोलीतून टेबलावर ठोके ऐकू आले. हलके, बोटाचे. मी मोजत नव्हते, पण ज्या बाईचं आयुष्य नाम मोजण्यात गेलं तिचं मन आपसूक मोजतं. दहा झाले आणि थांबले. थांबण्याचीही एक तऱ्हा असते. हे थांबणं संपल्यासारखं नव्हतं. कुणी वाट बघत असल्यासारखं होतं.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. हे टेबलाशी बसलेले, दोन्ही हात टेबलावर. मला वाटलं, यांचंच काहीतरी चाललंय. विचारलं नाही. विचारलं असतं तर यांनी उलट काही विचारलं असतं, आणि मला तेच नको होतं.

मग ते रोजचंच झालं. जेवणं उरकली की दहा ठोके आणि मग थांबणं. मी स्वतःची समजूत घालत राहिले. बाई गं, आंधळ्या माणसाची बोटं म्हणजेच डोळे, ती हलणारच. दहा झाले की मी आत काहीतरी आपटायची, एखादं झाकण, लाटणं, काहीही. अकरावा आवाज माझ्याकडून. पण तो चालत नसे. थांबणं तसंच राही.

काचेवरची धूळ पुसताना मी खोडलेल्या ओळी मोजल्या होत्या. एकेचाळीस. पावसाळा संपताना मोजल्या तेव्हा अठ्ठेचाळीस भरल्या. मी म्हटलं, आधी चुकले असेन. चूक करणारी बाई आहेच मी. काच जड होती, चारी कोपऱ्यांना पक्की बसवलेली. पुन्हा मोजायचं नाही असं ठरवलं आणि धूळ पुसताना मान वळवू लागले.

६

वर्ष भरत आलं तसे चिटणीस पुन्हा आले.

“घड्याळजींच्या नावाने स्पर्धा घेतोय. सहावं कोडं तेच ठेवू, गेल्या वर्षीचं. कुणाला सुटलं नव्हतं. त्यांच्या जागी रिकामी खुर्ची ठेवणार, पुढ्यात पट नि कागद.”

यांनी खुंट्यांचा पट पुढे ओढला. मग म्हणाले, “ठेवा.” आणि माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, “या वेळी वाचून दाखव हं.”

मी देवापुढे बसले आणि म्हटलं, ही तूच दिलेली संधी. कागद नवा करते, बिनचूक करते. भाऊजींच्याही पुढ्यात ठेवतील. सोडवतील आणि उठतील. माझंही झाकलं जाईल आणि त्यांचंही सुटेल. देवाशी असा व्यवहार करू नये हे मला कळत होतं. पण आशा वाईट असते.

मी अकरा शिक्के उठवले. मोठ्याने वाचले. “जी-सात, काळं प्यादं,” म्हणताना माझा आवाज चिरकला.

“हां,” हे म्हणाले, एवढंच. शाब्बास म्हणाले नाहीत.

७

सभागृह तेच होतं. उंच खिडक्या, फरशीवर उन्हाचे चौकोन, ओळीने लावलेली टेबलं. तिसऱ्या ओळीच्या कडेला रिकामी खुर्ची.

सहाव्या कोड्याला घंटा झाली आणि वीस मिनिटांत पहिली खुर्ची मागे सरकली. मग दुसरी, मग चार एकदम. लोक एकमेकांकडे पाहू लागले. गणित शिकवणाऱ्या एक बाई सगळ्यांत पुढे असत. त्या शेजारच्याला म्हणाल्या आणि शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं, “एवढंच? घड्याळजी यावर अडले होते?”

“वय झालं होतं हो,” कुणीतरी म्हणालं. “डोकं चालेनासं झालं असेल.”

कुणीतरी हसलंसुद्धा. वाईट हसू नव्हतं, सुटल्याचं होतं. पण हसू होतं.

मी यांच्याकडे पाहिलं. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. माझी चूक मी पुसली होती आणि ती त्या गेलेल्या माणसाच्या नावावर लिहिली होती. तीस वर्षं एकही कोडं न सोडणारा माणूस, त्याला मी वीस मिनिटांत मूर्ख ठरवलं होतं.

आणि ठोके सुरू झाले.

घरी यायचे तसेच. मी मान वर केली नाही. मोजत गेले. आठ, नऊ, दहा. मग मात्र राहवलं नाही. पुढच्या दोन सोडवणाऱ्यांच्या पाठींमधून तिसऱ्या ओळीची कड दिसत होती, हातभर टेबल. टेबलावर एक बाही होती. दोरा लोंबत होता. बाहीतून बाहेर आलेलं बोट वर उचललेलं होतं, आणि ते खाली येत नव्हतं.

एक पाठ हलली आणि कड झाकली गेली.

मी उभी राहिले. “थांबा,” म्हटलं. सभागृहात माझा आवाज पहिल्यांदाच निघत होता. “तो कागद हा नव्हता.”

निघायच्या आधी काचेचे कोपरे सैल करून खालचा कागद मी पर्समध्ये घेतला होता. का घेतला, ते मलाच ठाऊक नव्हतं. तो उलगडला आणि जे आहे ते वाचलं. राजापासून सुरुवात केली. दहा मोहरी वाचली. “अकरावं, काळं प्यादं, जी-सात. ते मी उठवलंच नव्हतं. यांनी सांगितलं होतं, मी उठवलं नाही आणि खोटा ठोका दिला. या कोड्याला उत्तर नव्हतं. भाऊजींनी तसं लिहिलंही होतं. आणि खोडलं, कारण त्यांचा यांच्यावर विश्वास होता.”

पुढची ओळ तेवढी माझ्याने वाचवेना. चिटणिसांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि त्यांनी वाचलं. गणिताच्या बाईंनी खाली पाहिलं.

८

परतताना हे माझ्या कोपराला धरून चालत होते. रोजच्यासारखेच. घरी येऊन मी देवापुढे दिवा लावला, कागद टेबलावर ठेवला आणि यांच्यासमोर बसले.

“बोला,” मी म्हटलं. “काय वाटेल ते बोला. ऐकायला बसलेय.”

“मला माहीत होतं,” हे म्हणाले.

“काय माहीत होतं?” मी विचारलं.

“अगं, डोळे गेलेत, कान आहेत. शिक्का गादीवर पडतो त्याचा आवाज मऊ, कागदावर पडतो त्याचा कडक. कडक दहाच आले होते. तुझे ठोके अकरा.”

“मग का नाही बोललात?”

“वाटलं, माझाच कान चुकला असेल. तुझं मौन माझ्याचसाठी, तूच सांग, ते मोडायला कसं सांगू? आणि...” यांची बोटं टेबलाची कड चाचपू लागली. “आणि मनात एक माणूस म्हणाला, असू दे. एकदा तरी अडू दे लेकाचा. रविवारी सांगू, हसू. चहा पाजू त्याला.”

मी यांचा हात धरला. वर्षभर आम्ही एकाच ताटातलं पाप वेगवेगळं जेवत होतो.

“म्हणून दुपारी टेबल वाजवायचात होय?” मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं. “दहाच वाजवून थांबायचात. मला वाटायचं, मला टोचताय.”

यांनी मान वर केली.

“मी?” हे म्हणाले. “मी कुठे वाजवतोय? मला वाटायचं, तू वाजवतेस.”

यांचा हात माझ्या हातात होता. माझा दुसरा हात मांडीवर. यांचा दुसरा छातीशी. मी हे सगळं पाहून घेतलं, एकेक करून, आणि तेव्हा टेबल वाजलं.

एक. दोन. काच थरथरत होती. हे ओठ हलवत मोजत होते, मीही मोजत होते. दहा.

मग ते थांबणं.

पेटी हाताशीच होती. मी काळ्या प्याद्याचा शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला आणि त्या जुन्या, खोडाखोडीने भरलेल्या कागदावर जी-सातच्या घरात उठवला. डोळे उघडे ठेवून.

“कडक,” हे कुजबुजले. “ऐकलं मी.”

मग अकरावा ठोका पडला. हलका. तो आमच्यापैकी कुणी दिला नव्हता.

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला आमची पाहुण्यांची खुर्ची असते. तिचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. यांनी माझा हात घट्ट धरला.

“सरकली?”

“हो.”

“मागे की पुढे?”

मागे म्हणावं असं फार वाटलं. यांना बरं वाटलं असतं, मलाही. पण मी जे आहे ते वाचते.

“पुढे,” मी म्हटलं. “टेबलाला लागून आहे.”

कागदावर पेन्सिल चालल्याचा बारीक आवाज येत होता. मी तिकडे मान वळवली नाही.

“मग बसू,” हे म्हणाले, आणि स्वतःची पाठ ताठ केली. “या वेळी आधी उठायचं नाही.”

देवापुढच्या दिव्यातलं तेल संपत आलेलं मला बसल्या जागेवरून दिसत होतं. मी उठले नाही.